राखणदाराची शपथ: घरच्या टेबलासाठी पॅलाडिन घडवताना

कुडाळच्या एका डीएमने ('डन्जन मास्टर', म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार) विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून कथा रंगवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी, २०१४ च्या नियमांवर, 'राखणदार' नावाची पॅलाडिन या व्रतस्थ योद्ध्याच्या वर्गाची नवी शपथ, म्हणजे एक शाखा, स्वतः लिहिली. गावाच्या शिवेची राखण करणारा योद्धा ही तिची कल्पना. तिसऱ्या पातळीला लागलेल्या प्रत्येक वारावर १डी८ (आठ बाजूंच्या एका फाशावर पडेल तितकी) जादा इजा, सातव्या पातळीला दहा फुटांतल्या सर्व साथीदारांना सगळ्या प्रकारच्या इजेपासून रेझिस्टन्स (म्हणजे इजा निम्मी), आणि शपथेचे वचन 'सज्जनांचे रक्षण, दुष्टांचा नाश'. पाच खेळाडूंचा गट आता सातव्या पातळीवर आहे. बाकीचे चौघे म्हणतात की हा फार भारी झाला, आणि ज्याच्याकडे हा पॅलाडिन आहे तो खेळाडू म्हणतो की मला कंटाळा येतो. या दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, असे त्यांनी विचारले आहे. शिवाय, गावच्या देवस्थानाचे खरे नाव खेळात वापरावे की नाही, हाही प्रश्न जोडला आहे.

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांचे मूळ एकच आहे. तुमच्या राखणदाराला जे जे मिळाले ते आपोआप चालू राहते. ते वापरायचे की नाही, केव्हा, कोणासाठी, कशाच्या बदल्यात, यातले काहीच खेळाडूला ठरवावे लागत नाही. आपोआप चालणारी ताकद समोरून पाहणाऱ्याला अन्याय वाटते आणि जवळ बाळगणाऱ्याला जड वाटू लागते. मी सावंतवाडीला घरच्या पडवीत बारा वर्षे खेळ चालवतो आहे, आणि माझ्या पहिल्या तीन घरगुती शपथा नेमक्या याच कारणाने फसल्या, त्यामुळे हे मी पुस्तकातून सांगत नाही.

आधी आकड्यांचा भाग पाहू, कारण तो लवकर आटोपतो. पॅलाडिनला मूळ नियमांतच प्रत्येक वारावर १डी८ जादा इजा मिळते, पण ती अकराव्या पातळीला. तुम्ही ती तिसऱ्या पातळीला दिली, म्हणजे आठ पातळ्या आधी. याचा परिणाम पाचव्या पातळीवर मोजून पाहा. तेव्हा पॅलाडिन एका फेरीत दोन वार करतो. १डी८ ची सरासरी साडेचार, म्हणजे दोन्ही वार लागले तर नऊ जादा इजा. पहिल्या दर्जाचा स्पेल स्लॉट (मोजकेच मिळणारे मंत्रांचे बळ) खर्चून केलेला स्माइट (वारात ओतलेला दैवी फटका) २डी८ चा असतो, त्याचीही सरासरी नऊच. दिवसभरात चार-चार फेऱ्यांच्या तीन लढाया झाल्या आणि वीसपैकी तेरा वार लागतात असे धरले, तर तुमच्या फुकटच्या फाशाची एकूण बेरीज सुमारे सत्तर होते. पाचव्या पातळीच्या पॅलाडिनकडे पहिल्या दर्जाचे चार आणि दुसऱ्या दर्जाचे दोन स्लॉट असतात. ते सगळेच्या सगळे स्माइटवर उधळले तरी सरासरी बेरीज त्रेसष्ट. स्माइट वार लागल्यावरच जाहीर करतात, म्हणून त्यात नेम चुकण्याचा हिशोब धरावा लागत नाही. म्हणजे या वर्गाच्या सर्वांत मौल्यवान पुंजीइतके, किंबहुना थोडे जास्तच, तुम्ही त्याला दर दिवशी न मागता देता, आणि त्याची पुंजी तशीच शिल्लक राहते ती वेगळी.

सातव्या पातळीच्या ऑराचा, म्हणजे भोवतालच्या प्रभाववलयाचा, दोष याहून मोठा आहे. छापील शपथांपैकी 'एन्शंट्स'ची शपथ याच पातळीला रेझिस्टन्स देते, पण ती फक्त मंत्रांच्या इजेपुरती. बार्बेरियन या रानटी योद्ध्याला चिडल्यावर शस्त्रांच्या तिन्ही प्रकारच्या इजेला रेझिस्टन्स मिळतो, पण तो एकट्याला, ठरावीक वेळा, आणि चिडलेला असेपर्यंतच. तुमचा ऑरा सर्वांना, सर्व इजेसाठी, सर्वकाळ लागू आहे. सगळ्या गटाचे हिट पॉइंट (किती इजा सोसता येते तो आकडा) दुप्पट केले म्हणालात तरी चालेल. मग तुम्ही, डीएम म्हणून, राक्षसांची इजा वाढवता. वाढवलीच असेल, नाही तर बाकीच्यांनी तक्रार केली नसती. आता दहा फुटांच्या वर्तुळाबाहेर एखादा चुकून राहिला की तो दोन फटक्यांत आडवा होतो. म्हणून सगळे राखणदाराच्या अंगाला चिकटून उभे राहतात, आणि धनुर्धाऱ्याला, चोराला, कोणालाच स्वतःची जागा निवडता येत नाही. बाकीच्यांना तो 'भारी' वाटतो तो मुख्यतः या गर्दीमुळे, त्याच्या फाशांमुळे नव्हे, असा माझा अंदाज आहे.

हे दोन्ही काढून टाका. लहान करून पाहू नका, १डी८ चे १डी४ करून तर मुळीच नको, कारण लहान झाले तरी ते आपोआपच राहील आणि कंटाळा जसाच्या तसा राहील.

आता शपथेकडे येऊ. खरे काम इथेच आहे, आणि बहुतेक जण नेमके हेच शेवटी, घाईत, चार ओळींत उरकतात.

पॅलाडिन हा शब्द लॅटिनमधल्या राजवाड्यावरून आला आहे. शार्लमेन राजाच्या कथांमधले दरबारी वीर ते पॅलाडिन. १९७५ साली हा वर्ग या खेळात पहिल्यांदा आला तेव्हा अट अशी होती की त्याने नीतिनियमांच्या गोटात राहावे, आणि एकदा जरी उलट वागला तरी त्याचे पद जावे ते कायमचे. त्या अटीने टेबलांवर फार भांडणे लावली, कारण डीएमने सापळा रचायचा आणि खेळाडूने वकिली करायची, एवढेच त्यातून निघत असे. २०१४ च्या नियमांनी गोट बाजूला ठेवून शपथ पायाशी आणली, हे चांगले झाले. पण राजवाडा अजून त्यात शिल्लक आहे. छापील शपथांमधला योद्धा कुठून तरी पाठवलेला असतो: राजाने, पंथाने, एखाद्या तत्त्वाने. तो जातो, जिंकतो, पुढे सरकतो.

आपल्याकडचा राखणदार पुढे सरकत नाही, हाच त्याचा सगळा स्वभाव आहे. तो कोणी पाठवलेला नसतो, तो तिथला असतो. शिवेवरचा, पाणंदीच्या तोंडाचा, देवराईच्या कडेचा, खाडीच्या मुखाचा. आरवलीच्या वेतोबा या ग्रामदैवताला मोठमोठ्या चामडी वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची फेरी करतो आणि त्यात त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. रक्षण करणाऱ्याच्या पायताणाची झीज लोक मोजतात, त्याने मारलेल्यांची डोकी मोजत नाहीत. ही एक गोष्ट नीट लक्षात घेतली तर तुमच्या शपथेचे वचन आपोआप बदलेल. 'दुष्टांचा नाश' ही ओळ राजवाड्याकडून आलेली आहे, राखणदाराची नाही.

शपथेचे कलम चांगले की वाईट हे ओळखण्याची माझी कसोटी सोपी आहे: ते पाळण्यासाठी, खेळाडूला मनापासून करावीशी वाटणारी एखादी गोष्ट सोडून द्यावी लागते का? 'सज्जनांचे रक्षण' पाळण्यासाठी काहीच सोडावे लागत नाही. गटातला चोरसुद्धा ते पाळतो. माझ्या टेबलावर सध्या चालणाऱ्या राखणदाराची कलमे तीन आहेत. शिवेच्या आत आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय त्याच्यावर हत्यार उचलायचे नाही. एकदा ज्याला आत घेतले त्याला मागणाऱ्याच्या हवाली करायचे नाही. आणि पळणाऱ्याचा शिवेपलीकडे पाठलाग करायचा नाही. ही तिन्ही एकेकटी साधी दिसतात, पण दोन दोन एकत्र आली की खेळाडूची झोप उडते, आणि तेच हवे असते.

गेल्या पावसाळ्यातला प्रसंग सांगतो. पत्र्यावर पाऊस इतका की बोललेले ऐकू येत नव्हते, वीज संध्याकाळीच गेली होती आणि आम्ही चार्जिंगच्या कंदिलावर खेळत होतो. गटाने ओढ्याकाठी मुक्काम केला होता. रात्री एक भिजलेला माणूस शिवेच्या आत आला. चोर त्याला ओळखत होता. मागच्या गावात धान्याचे कोठार पेटवणारा तो हाच. राखणदार खेळणाऱ्या मुलीने फासा हातात घेतला आणि शेजारचा ओरडला, "अरे, आधी पाणी तरी इचार त्येका!" तिने पाणी दिले. पाणी दिले म्हणजे आत घेतले. पाऊण तासाने त्याच गावचे लोक कोयते घेऊन त्याला मागायला आले, न्याय त्यांच्या बाजूने होता, आणि दुसरे कलम तिच्या गळ्यात पडले. त्या रात्री आम्ही एकही लढाई केली नाही. तीन तास फक्त बोलणे चालले, आणि त्या मुलीला एकदाही कंटाळा आला नाही. मी कोणताही सापळा रचला नव्हता. दोन कलमांनी आपसांत तो रचला. म्हणून कलमे लिहून झाली की त्यांच्या जोड्या लावून पाहाव्यात, आणि प्रत्येक जोडीसाठी एक असा प्रसंग कागदावर लिहावा ज्यात दोन्ही पाळणे अवघड आहे. प्रसंग सुचलाच नाही, तर त्या जोडीतले एक कलम शोभेचे आहे असे समजून काढून टाकावे.

शपथ मोडली तर काय, हे आधीच ठरवून ठेवा आणि ते खेळाडूला सांगा. जुन्या नियमासारखे सगळे काढून घेणे मला पटत नाही. त्याने खेळाडू घाबरून काहीच करेनासा होतो. माझ्याकडे झीज मोजतात. कलम मोडले की एक चिंचोका खेळाडूच्या पुढ्यात ठेवायचा. एक किंवा दोन असतील तर फक्त कथेत फरक पडतो: कुत्री भुंकतात, वहाणेचा अंगठा तुटतो. तीन झाले की चॅनल डिव्हिनिटी (शपथेची खास शक्ती, एरवी विश्रांतीनंतर परत येणारी) परत मिळत नाही, जोवर तो सर्वांसमोर उभा राहून काय मोडले हे सांगत नाही तोवर. मोडणे परवडते, पण चिंचोके समोर दिसत राहतात.

आता या शपथेतून ताकद कशी काढायची? नियम असा ठेवा की प्रत्येक वैशिष्ट्य एखाद्या कलमाचेच लढाईतले रूप असावे. राखणदाराचे मुख्य साधन शीव आहे, म्हणून तिसऱ्या पातळीच्या चॅनल डिव्हिनिटीत मी 'शीव आखणे' ठेवले. तीस फुटांच्या आत कुठेही जमिनीवर तीस फूट लांबीची रेघ आखायची. ती एक मिनिट टिकते. शत्रू आपल्या पाळीत ती पहिल्यांदा ओलांडू गेला तर त्याने पॅलाडिनच्या मंत्रांच्या डीसीविरुद्ध (फाशाने गाठायच्या आकड्याविरुद्ध) विज्डमचा, म्हणजे शहाणपणाचा, सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) करायचा. फसला तर त्या पाळीतली त्याची चाल तिथेच संपते. बाण, भाले, मंत्र आरपार जातात. दहा फुटांवरून उडणाऱ्याला ती अडवत नाही. आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे वाक्य: राखणदाराने स्वतः ती ओलांडली तर ती पुसली जाते.

हे शेवटचे वाक्य म्हणजे तिसरे कलम. ते नसते तर ही एक साधी अडवणूक झाली असती.

टेबलावर आम्ही रेघ खडूने ओढत नाही. नकाशावर एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट, म्हणून सहा इंच लांबीचा सुंभाचा तुकडा कापून ठेवला आहे; काथ्याचा, नारळ सोलल्यावर घरी असतोच. दोरी टाकली की ती वाकवता येते, कोपरा करता येतो, झाडाला वळसा देता येतो, आणि सगळ्यांना दिसते. पहिल्यांदा वापरली तेव्हा समोर चार ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, होते. ओगरचा विज्डम सात, म्हणजे उणे दोन. पाचव्या पातळीला पॅलाडिनचा करिष्मा (व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव) अधिक तीन असेल तर डीसी चौदा, म्हणजे ओगरला फाशावर सोळा किंवा वर हवे. चारांतले सरासरी तीन अडकतात. तसेच झाले, तीन अडकले. पण अडकलेला ओगर मूर्ख नसतो. त्यांच्याकडे फेकायचे भाले असतात आणि त्यांनी ते पलीकडून फेकले. चौथ्याने आत येऊन एका गुराख्याला उचलले आणि माघारी वळून दोरी ओलांडली. आता पाठलाग करायचा तर दोरी पुसली जाणार आणि तिघे आत येणार. नाही करायचा तर गुराखी गेला. राखणदार खेळणारी मुलगी नकाशाकडे बघत किती वेळ गप्प बसली ते मी मोजले नाही, पण कोणी तिला घाई केली नाही. शेवटी तिने दोरी स्वतःच्या हाताने उचलली. चिंचोका मी ठेवला नाही, तिनेच डबीतून काढून ठेवला.

ही ताकद जास्त झाली का हे तपासायचे तर छापील शपथांतल्या तोडीच्या गोष्टींशी ताडून पाहा. 'काँक्वेस्ट'चा योद्धा याच किमतीत तीस फुटांतल्या सर्व शत्रूंना एक मिनिट घाबरवू शकतो. 'एन्शंट्स'चा योद्धा वेलींनी एकाला पूर्ण जखडतो. माझी शीव पुष्कळांना अडवते, पण पाळीपुरतीच, आणि तिला वळसा घालून जाता येते. म्हणून ती बरोबरीची ठरते, वरचढ नाही. अरुंद जागेत मात्र ती फार जबर होते, हे खरे आहे. घळीत किंवा दारात वळसा घालायला जागाच नसते. मी ते बदलले नाही. खिंड राखणारा खिंडीत जबर नको तर कुठे?

दुसऱ्या चॅनल डिव्हिनिटीला मी 'गाऱ्हाणे' म्हणतो, आणि इथे माझा पहिला मसुदा चुकला होता हे कबूल करतो. कल्पना अशी: राखणदार अॅक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) खर्चून मोठ्याने मागणे मागतो, तीस फुटांतल्या साथीदारांपैकी ज्यांनी आपली रिअॅक्शन (फेरीत एकदाच देता येणारा झटपट प्रतिसाद) खर्चून 'होय महाराजा' म्हटले त्यांना तात्पुरते हिट पॉइंट मिळतात. आपल्याकडे गाऱ्हाणे एकट्याचे नसतेच. सगळ्यांनी दुजोरा दिल्याशिवाय ते पुरे होत नाही, म्हणून नियमातही दुजोऱ्याला किंमत असली पाहिजे. आधी मी प्रत्येकाला १डी८ अधिक करिष्मा असे दिले होते. तिसऱ्या पातळीला चौघांनी दुजोरा दिला की सरासरी तीस पॉइंट होत, आणि त्या पातळीला ते अति होते. 'ग्लोरी'ची शपथ त्याच पातळीला २डी८ अधिक पातळी, म्हणजे सरासरी बारा, इतकेच देते आणि तेही सगळ्यांत मिळून वाटायचे. आता मी करिष्मा अधिक पातळीच्या निम्मे, पूर्णांकात, असे ठेवले आहे: तिसऱ्या पातळीला प्रत्येकी चार, चौघांचे सोळा. ते 'ग्लोरी'पेक्षा थोडे जास्त आहे, पण त्यासाठी एक पूर्ण अॅक्शन आणि चार रिअॅक्शन जातात. आमचा मांत्रिक तर कधीच 'होय' म्हणत नाही, कारण त्याला 'शील्ड' मंत्रासाठी रिअॅक्शन राखून ठेवायची असते. गावरहाटीत असा एक तरी असतोच, त्यामुळे मला ते नियमाचे यश वाटते.

सातव्या पातळीच्या ऑराला 'पुढे होणे' असे नाव आहे. दहा फुटांतल्या साथीदारावर वार होत असताना, फासा टाकण्याआधी, राखणदार रिअॅक्शन खर्चून त्याच्याशी जागा बदलतो आणि तो वार स्वतःवर घेतो. 'रिडेम्प्शन'ची शपथ याच पातळीला साथीदाराची इजा अंगावर घेऊ देते, पण तिथे इजा झालेलीच असते. इथे वार राखणदाराच्या चिलखतावर येतो आणि चुकूही शकतो; उलट, तो साथीदाराच्या जागी, कदाचित नको त्या बाजूला, उभा राहतो. गर्दी करण्याचे कारण संपते, कारण एका फेरीत एकालाच वाचवता येते आणि कोणाला ते निवडावे लागते. अठराव्या पातळीला अंतर तीस फूट करा, बाकीच्या ऑरांप्रमाणेच.

शपथेचे मंत्र दहा लागतात. तिसऱ्या, पाचव्या, नवव्या, तेराव्या आणि सतराव्या पातळीला दोन दोन. 'अलार्म' आणि 'सँक्च्युअरी', मग 'ऑग्युरी' आणि 'वॉर्डिंग बाँड', मग 'मॅजिक सर्कल' आणि 'स्पिरिट गार्डियन्स', अशी यादी मी करतो. पुढचे 'गार्डियन ऑफ फेथ', 'बॅनिशमेंट', 'हॅलो' (Hallow, जागा पवित्र करण्याचा), 'वॉल ऑफ स्टोन'. 'ऑग्युरी' मुद्दाम घेतला आहे, कारण तो कौलासारखा वापरता येतो: चांगले, वाईट, दोन्ही, किंवा काहीच नाही, एवढेच उत्तर. आम्ही त्याला कळे लावणेच म्हणतो आणि देवाचे उत्तर डीएमने उगाच लांबवायचे नाही असा दंडक आहे. पंधराव्या पातळीला रात्रीची फेरी द्या, म्हणजे त्याच्या मुक्कामावर कोणालाच अवचित हल्ला करता येऊ नये. विसाव्या पातळीची चिंता करू नका. घरच्या टेबलांवर तिथवर पोहोचलेला गट मी अजून पाहिलेला नाही.

तुमचा गट पुढे २०२४ च्या नियमांवर जाणार असेल तर एक गोष्ट आत्ताच सांभाळा. त्या नियमांत स्माइट हा मंत्र झाला आहे आणि त्याला बोनस अॅक्शन (पाळीत एकदाच मिळणारी जादा कृती) लागते. हाताने बरे करण्यालाही बोनस अॅक्शनच. जुन्या सवयीने तुम्ही शीव आखायला बोनस अॅक्शन लावलीत तर ज्या पाळीत शीव आखली त्या पाळीत स्माइटही नाही आणि उपचारही नाही, आणि खेळाडू शीव आखणेच सोडून देईल. त्या आवृत्तीतली 'डिव्होशन'ची शपथ हल्ल्याच्या अॅक्शनबरोबरच आपले शस्त्र तेजस्वी करते. तोच मार्ग शिवेसाठी घ्या. मात्र तिथे तिसऱ्या पातळीलाच चॅनल डिव्हिनिटी दोनदा वापरता येते, त्यामुळे एका वेळी एकच शीव अस्तित्वात राहील असे स्पष्ट लिहा, नाही तर दोन दोऱ्यांचा कोंडवाडा होतो.

देवस्थानाच्या नावाबद्दल. माझ्या अगदी पहिल्या खेळात मी एका खऱ्या गावाचे खरे दैवत घातले होते, हिट पॉइंटसकट. खेळाडूंपैकी एकाचे आजोबा त्या देवाच्या पालखीचे मानकरी. कागद त्यांच्या हाती पडला. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "ह्येका मरणा आसा काय?" मी तो कागद त्यांच्यादेखत फाडला. नियमपुस्तकात आकडा लिहिला की ती गोष्ट मारता येते असा त्याचा अर्थ होतो, आणि शेजारी ज्याच्यापुढे नारळ ठेवतो त्याबाबत तसे लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही. म्हणून नाव काल्पनिक, रूप खरे, असे ठेवावे: शीव, गाऱ्हाणे, वहाणा, कौल हे सगळ्या किनाऱ्याचे आहे, ते घ्या; कोणत्या गावचा देव ते घेऊ नका. अंगात येणे, म्हणजे अवसार, हेही मी वर्गाचे वैशिष्ट्य करत नाही. फासा टाकून अवसार आला, हे आमच्या पडवीत कोणालाच बरे वाटले नाही. आणि मान वारशाने मिळतो ही गोष्ट तर मुळीच आणू नका. पालखीच्या मानावरून गावेच्या गावे वर्षानुवर्षे बोलेनाशी होतात, ते भांडण टेबलावर कशाला? तुमच्या खेळात पाणी विचारणारा कोणीही राखणदार होऊ शकला पाहिजे.

मसुदा इतरांना द्यायचा असेल तर तेही शक्य आहे. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले झाले; श्रेय दिले की त्यावर आधारलेले लिखाण प्रसिद्ध करता येते. पण त्या खुल्या भागात पॅलाडिनची एकच शपथ आहे, 'डिव्होशन'ची. बाकीच्या शपथांशी तुलना करा, त्यांतली वाक्ये मात्र उचलू नका.

त्याआधी चाचणी घ्या, आणि ती नव्या शपथेची एकट्याची नको. पाचव्या पातळीचे दोन सारखे पॅलाडिन बनवा, एक 'डिव्होशन'चा आणि एक राखणदार, आणि तेच तीन सामने दोघांना द्या: मोकळ्या मैदानात चार ओगर, घळीत लांडग्यांचा कळप, आणि छपरावर धनुर्धारी. मैदानात दोघे साधारण बरोबरीचे असावेत, घळीत राखणदार सरस ठरावा आणि धनुर्धाऱ्यांपुढे त्याची दोरी निरुपयोगी ठरावी. तिन्हीकडे तोच जिंकला तर शिवेची लांबी वीस फुटांवर आणा, डीसीला हात लावू नका. आणि खेळाडूला 'मजा आली का' असे विचारू नका, कारण यजमानाच्या घरी चहा पिऊन कोणी नाही म्हणत नाही. कोणत्या फेरीत हात थांबला, ते विचारा. तो फेरीचा आकडा सांगू लागला की तुमचा मसुदा तयार झाला आहे. सुंभाचा तुकडा मात्र सहा इंचांपेक्षा थोडा जास्तच कापा, कारण गाठ मारली की तो आखडतो.